बाटलीवरचे तिकीट आणि आतील औषध

कुही तालुक्यासारख्या ग्रामीण भागात चिकित्सा करताना एक गोष्ट आम्हांस वारंवार आढळते. रुग्णाच्या हाती आधीच्या वैद्याची चिठ्ठी क्वचितच असते. असते ती रिकामी बाटली किंवा फाटलेले वेष्टन. "हेच द्या, यानेच बरे वाटते," एवढेच त्याचे म्हणणे. आत काय होते हे त्याला ठाऊक नसते, विकणाऱ्यालाही बहुधा नसते, आणि वेष्टनावरील बारीक अक्षरे पुसली गेली असतील तर आपणही अंधारातच राहतो. ही स्थिती आजची वाटली तरी तिचे मूळ दीडशे वर्षांमागे आहे. राणी व्हिक्टोरियाच्या राजवटीत, म्हणजे १८३७ ते १९०१ या काळात, इंग्लंडमध्ये 'पेटंट औषधां'चा जो बाजार भरला, त्याचा इतिहास आपल्या व्यवसायबंधूंनी एकदा डोळ्यांखालून घालावा, असे आम्हांस वाटते.

प्रथम नावच पाहा. पेटंट घ्यायचे तर कृती जाहीर करावी लागते. ही औषधे विकणाऱ्यांना नेमके तेच नको होते. त्यामुळे 'पेटंट' म्हणविल्या जाणाऱ्या बहुतेक औषधांना पेटंट नव्हतेच. होती ती केवळ गुप्तता. सरकारने १७८३ पासून अशा औषधांवर कर बसविला होता आणि तो भरल्याची खूण म्हणून बाटलीवर सरकारी तिकीट चिकटविले जाई. तिकिटाचा अर्थ 'कर भरला' एवढाच. परंतु गिऱ्हाइकाने त्याचा अर्थ 'सरकारने औषध पारखले' असा घेतला, आणि विकणाऱ्यांनी तो समज दूर करण्याची तसदी घेतली नाही. पुढे १८६८ च्या फार्मसी कायद्याने विषारी द्रव्यांच्या विक्रीवर बंधने आणली. त्यातूनही पेटंट औषधांना सूट मिळाली.

या गुप्ततेचा पडदा ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने १९०९ मध्ये 'सीक्रेट रेमेडीज' या पुस्तकाद्वारे दूर केला. नामांकित औषधांचे पृथक्करण करून त्यांतील घटक आणि त्यांची किंमत तिने छापली. बीचमच्या गोळ्यांची डबी एका गिनीच्या मोलाची, अशी जाहिरात होती. ५६ गोळ्यांची डबी १ शिलिंग दीड पेनीला मिळे. त्यातील दीड पेनी तिकिटाचा. पृथक्करणात निघाले काय? काळाबोळ, सुंठ आणि साबण. या द्रव्यांची किंमत अर्धा फार्दिंग, म्हणजे पेनीचा आठवा भाग. विक्रीची किंमत त्याच्या १०८ पट! काळाबोळ म्हणजे आपल्या कुमारीचाच वाळविलेला रस. द्रव्ये वाईट नव्हती, रेचक म्हणून त्यांचा गुणही येत होता. फसवणूक होती ती ती द्रव्ये लपवून नाना व्याधींवर एकच गोळी सांगण्यात.

सर्वच औषधे इतकी निरुपद्रवी नव्हती. डॉ. जॉन कॉलिस ब्राउन हा हिंदुस्थानातील इंग्रजी फौजेचा डॉक्टर. त्याने १८४८ च्या सुमारास पटकीसाठी 'क्लोरोडाइन' सिद्ध केले. त्यात अफूचा अर्क, भांगेचा अर्क आणि क्लोरोफॉर्म होते. वेदना व अतिसार थांबे, पण अनेकांस त्याची सवय जडली आणि काहींचे प्राणही गेले. 'गॉडफ्रेज कॉर्डियल' हे बालकांना निजविण्याचे अफूमिश्रित सरबत मँचेस्टरच्या कामगारवस्त्यांत सर्रास चाले. आई गिरणीत, आणि मूल या सरबताच्या गुंगीत.

हे वाचून 'हा पाश्चात्त्यांचा दोष, आपल्या घरगुती औषधांत असे काही नव्हते' असे म्हणण्याचा मोह होईल. तो आवरला पाहिजे. मुंबईच्या गिरण्यांत काम करणाऱ्या स्त्रियाही तान्ह्या मुलांना अफूची 'बाळगोळी' देत. १८९३ ते १८९५ या काळात अफूची चौकशी करणाऱ्या शाही आयोगापुढे बालकांना अफू देण्याच्या चालीविषयी साक्षी झाल्या आणि विसाव्या शतकातही ही चाल मुंबईत टिकून होती. मँचेस्टरची आई आणि मुंबईची आई दोघी एकाच अडचणीत होत्या. औषध देशी की विदेशी, यावरून त्याचा निर्दोषपणा ठरत नाही.

त्याच्या शेजारी आपली बाळगुटी ठेवून पाहा. वेखंड, मुरुडशेंग, हिरडा, सुंठ, जायफळ, मायफळ, अतिविष, नागरमोथा: प्रत्येक द्रव्य आजीच्या डोळ्यांपुढे, सहाणेवर उगाळले जाणारे. मात्रा मोजायची ती वेढ्यांनी. जायफळाचा अर्धा वेढा, मुरुडशेंगेचे दोन. पोट दुखते तर एक वेढा वाढवावा, जुलाब होतात तर दुसऱ्याचा कमी करावा. जायफळ अधिक झाले तर बाळ गुंगते, हेही तिला माहीत असे. गुटीतही चुका होतात, अस्वच्छतेने अपायही होतो. पण चूक झालीच तर ती कोठे झाली हे शोधता येते. बाळगोळीत हीच सोय नव्हती. आमच्या मते घरगुती औषध आणि गुप्त औषध यांतील खरा भेद हा आहे. अज्ञात औषधास चरकाचार्यांनी विष, शस्त्र आणि अग्नी यांच्या पंक्तीस बसविले आहे, ते याच कारणाने.

त्याच काळात महाराष्ट्रातही औषध वैद्याच्या घरातून कारखान्यात जाऊ लागले होते. पनवेलचे धूतपापेश्वर १८७२ चे, मुंबईत सुरू झालेले अमृतांजन १८९३ चे, सांडू ब्रदर्स १८९९ चे. नागपूरला १८६७ मध्ये रेल्वे पोचल्यावर बाटलीबंद मालास विदर्भाची वाट मोकळी झाली. कारखानदारीस आमचा विरोध नाही. प्रत्येक वैद्याने आसवे-अरिष्टे घरी घालावीत, हे आज शक्यही नाही. परंतु वैद्य शंकर दाजीशास्त्री पदे यांनी 'आर्यभिषक्' मराठीत लिहून द्रव्यांचे गुण आणि घरगुती उपचार सर्वांपुढे उघडे केले, हेही याच परंपरेत घडले. १९०७ मध्ये नाशिकच्या संमेलनातून वैद्यांना संघटित करणारे हेच पदेशास्त्री. व्यवसाय वाढवावा, पण ज्ञान झाकू नये, हा त्यांचा मार्ग होता.

आज आपण कोठे आहोत? औषध कायदा १९४० चा; १९६४ च्या दुरुस्तीने त्यात आयुर्वेदीय औषधांचे प्रकरण आले. त्यात ग्रंथोक्त कल्प वेगळे आणि 'पेटंट अथवा प्रोप्रायटरी' कल्प वेगळे. नियम १६१ प्रमाणे घटकद्रव्ये वेष्टनावर, जागा नसल्यास सोबतच्या पत्रकात, छापावी लागतात. म्हणजे कायद्याने गुप्तता संपविली. पण काही वाटा उघड्या राहिल्या. निर्मितीस परवाना लागतो, विक्रीस लागत नाही; त्यामुळे आयुर्वेदीय म्हणविणारी बाटली किराणा दुकानातही मिळते आणि आठवडी बाजारातही. विषद्रव्ययुक्त औषधांवर वैद्यकीय देखरेखीची सूचना इंग्रजी व हिंदीत सक्तीची आहे, मराठीत नाही. जाहिरातींसाठी १९५४ चा स्वतंत्र कायदा आहे. २०१८ मध्ये नियम १७० आला, २०२४ मध्ये तो वगळण्याची अधिसूचना निघाली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. या ओढाताणीत वेष्टनावरील परवाना क्रमांक आणि 'आयुर्वेदिक' हा शब्द, हेच गिऱ्हाइकाचे नवे सरकारी तिकीट झाले आहे. सांधेदुखीच्या चूर्णांत स्टेरॉइड मिसळल्याची प्रकरणे तपासणीत वेळोवेळी उघडकीस आली आहेत. असे चूर्ण घेणाऱ्यास लगेच आराम पडतो, आणि वृक्काचे वा अस्थींचे नुकसान झाले की बोल आयुर्वेदास लागतो.

आम्ही सरकारकडे काही मागण्यापूर्वी स्वतःकडे तीन गोष्टी मागतो. औषधालयाच्या मालकांनी, ज्याची घटकद्रव्ये वाचता येत नाहीत किंवा ज्याचा निर्माता शोधून सापडत नाही, ते औषध फळीवर ठेवू नये, मग त्यावर नफा कितीही सुटो. वैद्यांनी पेटंट कल्प लिहिताना चिठ्ठीवर त्यातील मुख्य द्रव्ये, मात्रा, अनुपान आणि किती दिवस घ्यायचे हे मराठीत लिहावे. आणि अपाय झाल्याचे कळले तर तो झाकू नये. आयुष औषधांसाठी औषधसतर्कता केंद्रे आहेत, तेथे कळवावे.

यावर व्यवसायबंधू म्हणतील, आम्ही नाही ठेवले तर शेजारचा ठेवील, आणि गिऱ्हाईक तिकडे जाईल. हे खरे आहे. काही गिऱ्हाइके जातील. इंग्लंडमध्येही औषधविक्रेते हेच म्हणत राहिले आणि पेटंट औषधांची चौकशी करणाऱ्या समितीचा अहवाल अखेर १९१४ मध्ये, महायुद्ध पेटले त्याच दिवसांत बाहेर पडून बाजूस राहिला. कायद्याची वाट पाहणाऱ्यांना तेथे अनेक वर्षे थांबावे लागले. आपल्याला थांबण्याचे कारण नाही. मराठीत चार ओळी अधिक लिहिण्यास कोणत्याही अधिसूचनेची गरज नसते. हे तीन नियम आपल्या संघटनेच्या प्रत्येक सभासदाने येत्या तिमाहीपासून पाळावेत आणि अनुभव या पत्रिकेकडे लिहून पाठवावेत, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.