मृदंग शाबूत होता

आमच्या गांवचें भजनीमंडळ द्रव्याभावीं मोडलें, असें आम्ही आजवर सांगत आलों. परवां इंग्लंडांतील यॉर्कशायर परगण्यांतल्या क्वीन्सबरी गांवच्या पितळी वाद्यवृंदाचा इतिहास वाचनांत आला. तोहि एकदां मोडकळीस आला होता. १८५५ सालीं तेथील ब्लॅक डाइक या लोकरीच्या गिरणीचे मालक जॉन फॉस्टर यांनीं त्यास आश्रय दिला. तेहि पूर्वीं गांवच्या वृंदांत शिंग वाजवीत. कामगार दिवसा गिरणींत राबत व फावल्या वेळीं तालमीस बसत. पुढें गिरणीचें काम थांबलें. वृंद मात्र तेंच नांव घेऊन गांवांतील जुन्या तालीमघरांत अद्यापि जमतो.

वाचकहो, आतां खरें सांगणें प्राप्त आहे. आमच्या मंडळाचा मृदंग शाबूत होता, समईस तेलहि होतें. एकादशीस जाण्याचा कंटाळा आम्हींच केला.