सॉफ्टवेअर राहते कुठे?

यंदाचा अंक आम्ही सॉफ्टवेअरला वाहिला आहे. पगारापासून रेल्वेच्या आरक्षणापर्यंत सारे ज्याच्यावर चालते, ते ना डोळ्यांना दिसते, ना हाताला लागते. अशा वेळी माणूस उपमेचा आधार घेतो, आणि उपमा चुकली की ती महागात पडते.

सर्वांत रुळलेली उपमा बांधकामाची. १९६८ साली जर्मनीतील गार्मिश येथे ‘सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग’ याच नावाने परिषद भरली. आराखडा, पाया, आर्किटेक्ट हे शब्द आज कंपन्यांमध्ये सर्रास ऐकू येतात. पण इमारत उभी राहिली की गवंडी निघून जातात आणि राहणाऱ्याचे काही अडत नाही. सॉफ्टवेअरचे तसे नाही. अमेरिकन प्रोग्रॅमर वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९२मध्ये दिलेली कर्जाची उपमा त्याहून बरी: अपुऱ्या समजुतीवर लिहिलेला कोड वेळीच सुधारला नाही, तर पुढे व्याज भरत बसावे लागते.

आम्हाला मात्र पटतात ते डॅनिश संगणकशास्त्रज्ञ पीटर नाउर. १९८५ सालच्या निबंधात त्यांनी एक उदाहरण दिले आहे. एका गटाने कंपायलर, म्हणजे माणसाने लिहिलेला कोड यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्राम, लिहिला. दुसऱ्या गटाला त्यात थोडी भर घालायची होती. त्यांना सगळा कोड, सविस्तर कागदपत्रे, वर सल्लाही मिळाला. तरी त्यांनी सुचवलेले काही बदल म्हणजे मूळ रचनेचा घात करणारी ठिगळेच होती. पहिल्या गटाच्या ते तत्काळ ध्यानात आले आणि त्याच रचनेत बसणारे सोपे उपाय त्यांनी दाखवून दिले. पुढे तो कंपायलर आणखी तिसऱ्यांच्या हाती गेला. दहाएक वर्षांत मूळ रचना ओळखू येत होती, पण निकामी झाली होती. खरा प्रोग्राम तो घडवणाऱ्यांच्या समजुतीत असतो, हे नाउर यांचे म्हणणे.

मराठी वाचकाला हे परके वाटू नये. पंडित भातखंडे यांनी बंदिशी स्वरलिपीत उतरवून क्रमिक पुस्तकांत छापल्या. केवढे थोर काम! तरी पुस्तक समोर ठेवून ख्याल गाता येत नाही, गुरूसमोर बसावेच लागते.

आता तर यंत्रच कोड लिहून देते. तो समजून घेणारा माणूस मग कोण? कंपन्यांच्या व्यवस्थापकांना आमची कळकळीची विनंती आहे: जाणत्या माणसांना निरोप देण्याआधी नव्यांना काही महिने त्यांच्या शेजारी बसवा. सरकारी टेंडरांतही देखभालीची आणि ती करणाऱ्या माणसांची तरतूद पहिल्या दिवसापासून असू द्या.