विमान हरवतेच कसे?

८ मार्च २०१४ च्या मध्यरात्रीनंतर मलेशियाचे एक बोइंग ७७७ विमान क्वालालंपूरहून बीजिंगकडे निघाले. त्यात २३९ माणसे होती. त्यांपैकी पाच भारतीय. एक वाजून एकोणीस मिनिटांनी वैमानिकाने 'शुभ रात्री' म्हणत मलेशियाच्या नियंत्रकांचा निरोप घेतला आणि दोनच मिनिटांत ते विमान नागरी रडारच्या पडद्यावरून पुसले गेले. मागाहून जे कळले ते अधिकच चक्रावून टाकणारे होते. विमान त्यानंतर जवळजवळ सात तास उडत होते. शोधपथके दक्षिण चीनच्या समुद्रात त्याला पाहत होती आणि ते गेले होते थेट उलट दिशेला, हिंदी महासागराच्या दक्षिण भागाकडे.

एवढे अवाढव्य विमान हरवतेच कसे, हा प्रश्न तेव्हा घरोघरी विचारला गेला. आपली सर्वसाधारण समजूत अशी की, आकाशातल्या प्रत्येक विमानावर कोणाची तरी सतत नजर असते. ती अर्धीच खरी आहे. जमिनीवरच्या रडारची नजर फार तर चारशे किलोमीटरपर्यंत पोहोचते. विमानातले ट्रान्सपाँडर नावाचे यंत्र रडारच्या हाकेला ओ देते, आपली ओळख आणि उंची कळवते. ते बंद पडले किंवा बंद केले गेले, की पडद्यावरचे नाव-गाव जाते. खोल समुद्रावर तर रडारही नसते. तेथे वैमानिकाने ठरावीक अंतराने आपला ठावठिकाणा कळवायचा आणि नियंत्रकाने त्यावर विसंबायचे, अशी वर्षानुवर्षांची रीत होती.

मलेशियाच्या विमानाची दिशा शेवटी उपग्रहाशी तासातासाने झालेल्या सांकेतिक देवाणघेवाणीवरून ताडावी लागली. जुलै २०१५ मध्ये रियुनियन बेटाच्या किनाऱ्यावर पंखाचा एक भाग वाहत आला. १,२०,००० चौरस किलोमीटर समुद्रतळ धुंडाळून जानेवारी २०१७ मध्ये मुख्य शोध थांबला. २०१८ मध्ये एका खासगी कंपनीने प्रयत्न केला आणि २०२५ मध्ये 'सापडले तरच पैसे' या अटीवर मलेशियाने तिच्याशी पुन्हा करार केला. ज्यांची माणसे गेली, त्यांनी सुतक धरायचे की वाट पाहायची? अपघाताचे दुःख काळ थोडेफार बोथट करतो. पण माणूस नेमका कोठे आणि कशाने गेला हेच ठाऊक नसेल, तर काळाचाही इलाज चालत नाही.

हे पहिल्यांदाच घडले असते, तर यंत्रणा गाफील राहिली असे म्हणून आपण पुढे गेलो असतो. पण १ जून २००९ रोजी रिओहून पॅरिसला निघालेले एअर फ्रान्सचे विमान २२८ जणांसह अटलांटिकमध्ये कोसळले होते. तरंगणारे अवशेष काही दिवसांत मिळाले. पण सुमारे ३,९०० मीटर खोलीवरच्या ध्वनिमुद्रक व माहितीमुद्रक पेट्या हाती यायला मे २०११ उजाडला. त्या मिळाल्यावरच कळले की, वेग मोजणाऱ्या नळ्या बर्फाने तुंबल्या, स्वयंचलित नियंत्रण सुटले आणि विमान सावरणे वैमानिकांना जमले नाही. त्या धड्यावरून पुढे वैमानिकांच्या प्रशिक्षणात बदल झाले. विमान शोधणे हे केवळ मृतांसाठी नसते. उद्या विमानात बसणाऱ्यांसाठीही असते.

फ्रान्सच्या तपास यंत्रणेने विमानांनी आपली माहिती नियमित पाठवत राहावे या दिशेने तेव्हाच शिफारस केली होती. नियम मात्र दुसरे विमान हरवल्यावर आला. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने नोव्हेंबर २०१८ पासून खुल्या समुद्रावरील मोठ्या प्रवासी विमानांचे स्थान दर पंधरा मिनिटांनी नोंदवले जावे असे बंधन घातले. पाऊल स्वागतार्ह; पण हिशेब करून पाहा. ताशी ९०० किलोमीटर वेगाने विमान पंधरा मिनिटांत सव्वादोनशे किलोमीटर जाते. म्हणजे शोधायचा परिसर दीड लाख चौरस किलोमीटरच्या वर, जवळपास निम्मा महाराष्ट्र!

म्हणूनच दुसरा नियम मोलाचा आहे. विमान संकटात सापडताच यंत्रणेने आपोआप दर मिनिटाला स्थान कळवावे, वीजपुरवठा गेला तरी ती चालू राहावी. त्यामुळे शोध सुमारे अकरा किलोमीटरच्या परिघात येतो. हा परिसर मुंबई महानगराहून लहान. हा नियम २०२१ पासून यायचा होता. पुढे ढकलत ढकलत तो २०२५ वर आला. त्यातही तो २०२४ पासून बनलेल्या नव्या विमानांनाच लागू आहे. विमान वीस-पंचवीस वर्षे सहज उडते. म्हणजे २०२३ मध्ये तयार झालेल्या विमानाला चाळिशीच्या दशकापर्यंत ही सक्ती नाही.

जुन्या विमानांत यंत्रे बसवणे खर्चाचे आहे, हे मला मान्य आहे. आग लागल्यास विद्युत यंत्र बंद करता आले पाहिजे, हा वैमानिकांचा आग्रहही रास्त आहे. पण स्वतंत्र बॅटरीवर चालणाऱ्या यंत्रणेत त्याची सोय करता येते. खर्चाचे म्हणाल, तर समुद्रतळ धुंडाळण्याचा खर्च कोणाच्या पदरी पडतो?

आपल्याकडचेच उदाहरण घ्या. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणात चरखी दादरीजवळ दोन विमाने हवेत आदळून ३४९ जण गेले. दिल्लीच्या रडारला तेव्हा विमानाची उंची दिसत नव्हती. त्यानंतर येण्या-जाण्याचे हवाई मार्ग वेगळे झाले आणि टक्कर टाळण्याची यंत्रणा विमानांत सक्तीची झाली. त्या वेळी जुन्या विमानांना कायमची सूट मिळाली नाही. तेव्हा जमले, ते आता का जमू नये?

मुंबईहून आखाताकडे जाणारी विमाने रोज अरबी समुद्र ओलांडतात. त्यांत कोकणातल्या, मराठवाड्यातल्या घरांतली कर्ती मुले असतात. आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने इतरांची वाट न पाहता भारतीय कंपन्यांच्या जुन्या विमानांसाठीही मुदत जाहीर करावी, आंतरराष्ट्रीय व्यासपीठावर तोच आग्रह धरावा आणि पुन्हा मुदतवाढ देऊ नये. तिसरे विमान हरवण्याआधी हे व्हायला हवे.