छाटणीचे धडे आणि भावाचा प्रश्न

जगातील निम्म्याहून अधिक कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना या पश्चिम आफ्रिकेतील दोन देशांत पिकतो. तो पिकविणारे बडे मळेवाले नव्हेत. बहुतांशी दोन-चार हेक्टर कसणारे अल्पभूधारक आहेत. त्यांच्या दारिद्र्यावर उपाय म्हणून चॉकलेट कंपन्या प्रशिक्षणाचे वर्ग चालवितात. छाटणी, सावलीची झाडे, कीटकनाशकांचा मोजका वापर हे त्यांतील विषय.

हे शिक्षण निरुपयोगी आहे असे कोणी म्हणणार नाही. रोगट फळे वेळेवर काढली तर फळकूज आटोक्यात राहते. जंगल तोडून नवी लागवड करण्यापेक्षा जुनी बाग सुधारणे केव्हाही श्रेयस्कर. परंतु शेतकरी गरीब आहे तो अडाणी आहे म्हणून, हे त्यामागील गृहीतक इतिहासाला धरून नाही. १९३७ साली तेव्हाच्या गोल्ड कोस्टमध्ये, म्हणजे आजच्या घानात, युरोपीय व्यापारी कंपन्यांनी आपसांत करार करून खरेदीतील स्पर्धा संपविली. शेतकऱ्यांनी कोको विकण्याचे नाकारले, विलायती मालावर बहिष्कार टाकला आणि १९३८ च्या एप्रिलपर्यंत ते हटले नाहीत. ब्रिटिश सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला. बाजार कोणाच्या मुठीत आहे, हे त्यांना कोणी शिकविले नव्हते.

आज कोंब सुजण्याच्या विषाणूजन्य रोगाने बागा पोखरल्या आहेत. पिठ्या ढेकूण तो पसरवितात. त्यावर औषध नाही; झाड तोडून नवे लावावे लागते आणि ते फळाला येण्यास तीन ते पाच वर्षे लागतात. तोवर चूल कशी पेटावी? शेतकरी रोगट झाडाला धरून बसतो तो अज्ञानापोटी नव्हे, हिशेबापोटी.

शिवाय, सर्वांनीच उत्पादन वाढविले आणि मागणी त्या प्रमाणात वाढली नाही, तर भाव कोसळतो व वाढीचा लाभ खरेदीदाराच्या पदरात पडतो. उलट २०२४ मध्ये टंचाईमुळे जागतिक भाव टनाला १०,००० डॉलरच्या वर गेला, तेव्हा घानाच्या शेतकऱ्याच्या हाती त्यातील अल्पांशच आला. कारण बराच माल आधीच्या सौद्यांत कमी भावाने विकला गेला होता. २०१९ मध्ये दोन्ही देशांनी टनामागे ४०० डॉलर अधिक मागितले, ते शेतकऱ्याला जगण्यापुरते उत्पन्न मिळावे म्हणूनच.

तेव्हा प्रशिक्षण अवश्य द्यावे. पण त्याबरोबर किफायतशीर भावाची हमी, पुनर्लागवडीच्या वर्षांत निर्वाहभत्ता आणि भाव ठरविताना शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांना हक्काचे स्थान हवे. एरवी हे वर्ग म्हणजे कमी भावात अधिक माल पिकविण्याची शिकवणी ठरतील.