पहारेकऱ्याचे गाव आणि पहारेकऱ्याचे इमान

राउटर नावाची लहानशी पेटी ही आजच्या घराची देवडी आहे. आपला पत्रव्यवहार, बँकेची देवघेव, मुलांचा अभ्यास, सारे तिच्यातूनच ये-जा करते. त्या देवडीवरचा पहारेकरी फितूर तर नाही ना, ही चिंता एखाद्या सरकारने वाहिली तर तिला आम्ही भित्रेपणा म्हणणार नाही. अमेरिकेने नोव्हेंबर 2022 मध्ये हुआवे व झेडटीई या चिनी कंपन्यांच्या नव्या दळणवळण उपकरणांना परवानगी नाकारली. राउटर परदेशी बनावटीचा, एवढ्याच कारणाने त्याला दाराबाहेर ठेवावे, ही विचारसरणीही तेथे बळावली आहे. परंतु गाव विचारून इमान कळते काय?

अनुभव तर उलटच सांगतो. ‘व्होल्ट टायफून’ या चिनी हेरटोळीने अमेरिकेतील शेकडो राउटर ताब्यात घेतल्याचे तेथील न्यायखात्याने जानेवारी 2024 मध्ये जाहीर केले. ते बहुतांशी कोणाचे होते? सिस्को आणि नेटगिअर या अमेरिकन कंपन्यांचेच! ते जुने झाले म्हणून सुरक्षेच्या दुरुस्त्या पुरवणे बंद झाले होते आणि चोराने नेमकी तीच फट हेरली. दुसरीकडे, परदेशी निघालेल्या राउटरांत अमेरिकेचीच हेरसंस्था वाटेत छुपी यंत्रणा बसवीत असे, हे स्नोडेन यांनी बाहेर आणलेल्या कागदपत्रांतून 2014 साली जगाला कळले. स्वदेशीचा शिक्का म्हणजे निर्मळपणाचा दाखला नव्हे.

खरा प्रश्न पेटीच्या पत्त्याचा नसून तिच्या पोटातील आज्ञावलीचा, म्हणजे फर्मवेअरचा आहे. ती कोणी वाचू शकतो काय? कंपनीने हात झटकल्यावर दुसरा कोणी दुरुस्त करू शकतो काय? लिंक्सिसच्या राउटरमध्ये मुक्त परवान्याचे लिनक्स वापरल्याचे उघडकीस आले, तेव्हा 2003 साली त्याची आज्ञावली प्रसिद्ध करावी लागली. त्यातूनच पुढे ‘ओपन डब्ल्यूआरटी’ हा मुक्तस्रोत प्रकल्प उभा राहिला. कंपन्यांनी टाकून दिलेल्या कित्येक राउटरांना त्याने पुन्हा कामास लावले आहे.

मुक्त म्हणजे आपोआप निर्दोष, असा भाबडा दावा आम्ही करीत नाही. ‘एक्सझेड’ या मुक्तस्रोत साधनात दबा धरून बसलेले चोरदार मार्च 2024 मध्ये सापडलेच. पण ते सापडले कसे? अर्ध्या सेकंदाचा विलंब एका अभियंत्याला खटकला आणि आज्ञावली उघडी असल्याने त्याला मुळापर्यंत जाता आले. बंद पेटीत त्याची वाट तेथेच खुंटली असती.

म्हणून आमचे म्हणणे असे की, निर्बंध घालायचेच तर ते गुणावर घाला. दुरुस्त्या किती वर्षे मिळतील हे विक्रीच्या वेळीच छापले जावे. आज्ञावली तपासणीस खुली असावी. आणि कंपनीने पाठ फिरवताच दुसरी आज्ञावली बसविण्याचा ग्राहकाचा हक्क कायद्याने मान्य व्हावा. जून 2021 पासून आपल्या दूरसंचार कंपन्यांनाही नव्या उपकरणांची खरेदी ‘विश्वासू स्रोतां’कडूनच करावी लागते. तेव्हा विश्वास कशाने मोजायचा, हा प्रश्न आपल्याही उंबरठ्यावर उभा आहे. पहारेकऱ्याचे गाव जरूर विचारावे; पण त्याची झडती घेण्याचा अधिकार मात्र घरमालकाने कोणालाही देऊन टाकू नये.