समासातल्या नोंदी

मोहल्ल्याच्या शिष्यवृत्ती निधीची जुनी वही संगणकावर घ्यायची ठरली की काम हमखास संगणक शिकणाऱ्या एखाद्या मुलीकडे येते. ती एक्सेलचे एकच लांबलचक पान उघडते: नाव, पत्ता, शाळा, वडिलांचे उत्पन्न, पहिला हप्ता, दुसरा हप्ता. आमचे सांगणे एवढेच, की आधी कागद-पेन्सिल घ्यावी.

माहिती तक्त्यांत मांडावी आणि तक्ते त्यांतल्याच नोंदींनी एकमेकांशी जोडावेत, ही कल्पना आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी १९७० साली मांडली. १९७६ मध्ये पीटर चेन यांनी आराखड्याची रीत दिली: कामात कोणकोणत्या गोष्टी आहेत आणि त्यांचे परस्परांशी नाते काय, हे आधी चित्रात काढा.

तीन भावंडांचा पत्ता तीन ओळींत लिहिला आणि कुटुंबाने घर बदलले, तर एक ओळ दुरुस्त होते, दोन तशाच राहतात. पत्ता कुटुंबाच्या तक्त्यात एकदाच असावा. हप्त्यांचाही तक्ता निराळा.

खरे दुखणे नावांचे. एकाच मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर मोहम्मद, आधार कार्डावर मुहम्मद, बँकेत महंमद. उलट एकाच वर्गात दोन आयेशा शेख. नावावरून ओळख ठरवली तर एकाचे तिघे होतात, नाहीतर दोघींची एक होते आणि एकीचा हप्ता दुसरीच्या नावावर दिसतो. म्हणून प्रत्येकाला स्वतंत्र, कधीही न बदलणारा क्रमांक द्यावा. पुस्तकात त्यालाच ‘प्रायमरी की’ म्हणतात.

आणि तो ‘वडिलांचे उत्पन्न’ हा रकाना! तो सक्तीचा केला की नानीने वाढवलेल्या अनाथ मुलाचा अर्ज संगणक घेतच नाही. समितीने तो नाकारलेला नसतो. समितीपुढे तो येतच नाही. पालकांचा तक्ता वेगळा करावा. विद्यार्थी आणि पालक यांना जोडणारा तिसरा तक्ता घ्यावा व त्यात ‘नाते’ हा रकाना ठेवावा: अम्मी, अब्बा, नानी, मामू. एका मुलाला दोन पालक असतील, एका मामूंकडे चार भाचरे असतील; दोन्ही त्यात बसतात.

अशा अडचणी वही लिहिणाऱ्या चाचांना ठाऊक असतात. ‘पैसे फुफीकडे द्यावेत’, ‘वडील परगावी, पत्ता नाही’ असे त्यांनी समासात बारीक अक्षरांत लिहून ठेवलेले असते. मुलीने त्यांच्याशेजारी बसून त्या नोंदी वाचून घ्याव्यात. एखादीला चित्रात जागा सापडली नाही, तर चित्र पुन्हा काढावे. वही मात्र लगेच रद्दीत घालू नये.