वाघराचा फोटो आणि आपली ग्रामसभा



आपल्या पत्रकात फोटो छापता येत नाही. स्टेन्सिलवर फोटो म्हणजे नुसता काळा डाग उमटतो. तरी या वेळी फोटोवरच लिहितोय, कारण शिरूर-दौंडकडं सध्या बिबट्यापेक्षा बिबट्याच्या फोटोचीच चर्चा जास्त चाललीय.

भीमाशंकर-आंबेगावकडच्या साथींना वाटेल, सपाटीला कुठलं जंगल आणि कुठला वाघ? आमच्याकडं जंगल नाही, ऊस आहे. तुमच्याकडची आपली गावं डिंभे धरणात गेली. ते पाणी घोड नदीनं आणि कालव्यानं खाली आलं, रान बागायती झालं, ऊस बारमाही उभा राहायला लागला. बिबट्याला आडोसा मिळाला, पाणी मिळालं, वस्तीवरची कुत्री आणि शेळ्या मिळाल्या. आता बिबटीण उसातच विते. दौंडला भीमेच्या आणि मुळा-मुठेच्या काठानं तेच. आणि उसाच्या कडेला, गायरानात, नदीकाठी झोपड्या कुणाच्या? ठाकर, भिल्ल, कातकरी, पारधी. आपल्याच.

ऑक्टोबर-नोव्हेंबर 2025 मध्ये पिंपरखेड-जांबूत भागात तीन आठवड्यांत तीन माणसं गेली. दोन लेकरं आणि एक म्हातारी. लोकांनी हायवे अडवला. शेवटी नेमबाज आणून बिबट्या मारला. तेव्हापासून पिंजरे, ड्रोन, ट्रॅप कॅमेरे हे शब्द आमच्या पोरांना पाठ झालेत. मोबाईलवर रोज नवा फोटो येतो, "इथं बसलाय, तिथं दिसला". त्यात किती तरी कॉम्प्युटरनं बनवलेले खोटे. दौंड तालुक्यात डिसेंबर 2024 ला एका बाईचा मृत्यू बिबट्याच्या नावावर गेला होता. नंतर प्रयोगशाळेनं सांगितलं बिबट्या नव्हता, आणि पोलिसांनी खुनाच्या गुन्ह्यात माणसं धरली. म्हणजे बिबट्या होता का नव्हता याला पुरावा लागतो. नुसत्या भीतीवर भागत नाही.

आमच्या बैठकीत यावर दोन मतं निघाली. म्हातारे म्हणतात, "वाघोबाचा फोटू काढायचा नसतो. वाघबारशीला आपण त्याला नैवेद्य दावतो, त्याच्या डोळ्यावर उजेड मारायचा का?" तरणी पोरं म्हणतात कॅमेरे फोडा, ही आपल्यावरच पाळत आहे. मला दोन्ही पटत नाही. मी म्हणतो कॅमेरा शिका. तो कसा लावतात हे कळल्याशिवाय कुठं लावू द्यायचा हे आपल्याला सांगता येणार नाही.

त्या पेटीत एक डोळा असतो, तो ऊब ओळखतो. अंगाची ऊब आणि मागच्या जमिनीची ऊब यात फरक असला आणि ती ऊब हलली, की फोटो निघतो. म्हणून उन्हाळ्यात दुपारी रान तापलं की तो चुकतो. समोर तापलेलं गवत हललं की फुकट फोटो काढत बसतो आणि बॅटरी संपवतो. बांधायचा गुडघ्याच्या उंचीला, वाटेपासून चार-पाच पावलं लांब. वाटेच्या दोन्ही अंगाला एकेक, पण अगदी समोरासमोर नाही, नाही तर एकाचा उजेड दुसऱ्याच्या भिंगात जातो. दोन कशाला? बिबट्याच्या डाव्या कुशीवरचे ठिपके उजव्या कुशीवर तसेच नसतात. ठिपके म्हणजे त्याच्या बोटांचे ठसे समजा. एकच कूस मिळाली तर एका बिबट्याचे दोन मोजले जातील. पांढऱ्या फ्लॅशचा फोटो रंगीत आणि स्वच्छ येतो, पण जनावर बिचकतं. न दिसणाऱ्या लाल उजेडाचा फोटो काळा-पांढरा येतो, चालत्या जनावराचे ठिपके फिसकटतात. आणि तारीख-वेळ बरोबर लावली नाही तर सगळी मेहनत पाण्यात. अकोले तालुक्यात विद्या अत्रेय यांनी असेच कॅमेरे लावले होते. 2013 ला तो अभ्यास छापून आला. 100 चौरस किलोमीटरला साधारण पाच मोठे बिबटे, तेही जंगलात नाही, शेतात आणि माणसांत. असे फोटो नसते तर हे कुणी मानलं असतं का? आपले लोक कधीचे सांगत होते, पण आपल्या सांगण्याला पुरावा म्हणत नाहीत.

कॅमेऱ्याचं भलंही बघितलंय. ऊसतोडीत बछडी सापडतात. पोरं त्यांना उचलून सेल्फी काढतात, आणि आई तिथंच कुठं तरी दबून बघत असते. याच्याइतकं धोक्याचं दुसरं काही नाही. जाणती माणसं काय करतात? बछडी त्याच जागेला क्रेटमध्ये ठेवतात, कॅमेरा लावून लांब जातात. रात्रीतून आई येते आणि एकेक करून उचलून नेते. फ्लॅश नाही, गर्दी नाही.

आता दुसरी बाजू. आमच्या वस्तीमागं ओढ्याच्या बांधावर बाभळीला एक कॅमेरा लागला. कुणी लावला हे दोन दिवस कळलंच नाही. वस्तीला संडास नाही, पहाटे बायका त्याच बांधानं जातात. आईनं मला विचारलं, "बाळा, त्यात आपण दिसतो का गं म्हणत्यात बाया, खरं हाय का?" मी म्हटलं, दिसता. दुसऱ्या दिवसापासून बायांनी वाट बदलली. बांध सोडला आणि उसाच्या कडेनं जायला लागल्या. बिबट्यासाठी लावलेल्या कॅमेऱ्यानं आमच्या बायांना बिबट्याच्या तोंडाकडं ढकललं. गुडघ्याच्या उंचीला बांधलेला कॅमेरा बसलेल्या बाईला बरोबर टिपतो, हे लावणाऱ्याच्या डोक्यातच आलं नसेल.

हे आमच्यापुरतं नाही. उत्तराखंडात कॉर्बेटच्या जंगलात सरपणाला जाणाऱ्या बायकांचे फोटो वाघाच्या कॅमेऱ्यांत निघाले. 2024 ला केंब्रिज विद्यापीठाच्या संशोधकांनी ते लिहिलं. एका बाईचा तसला फोटो मोबाईलवर फिरला, तेव्हा लोकांनी कॅमेरे फोडले. तिथल्या बाया जनावर लांब राहावं म्हणून मोठ्यानं गाणी म्हणत जायच्या, कॅमेऱ्याच्या धाकानं त्यांचं गाणंही कमी झालं.

मोठ्या लेन्सवाले पाहुणे हा आणखी एक ताप. "बिबट्या कुठं बसतो दाखव," म्हणून पाचशेची नोट पुढं करतात. आमच्यातल्या एकानं घेतली, मी त्याला दोष देत नाही, त्या आठवड्यात काम नव्हतं. पण शेळी बांधून बिबट्या बोलवायला सांगतील तर साफ नाही म्हणा. 1972 च्या वन्यजीव कायद्यात आमिष लावणं शिकारीत धरलंय. फोटो त्यांच्या भिंतीवर लागेल, केस आपल्या पोरावर होईल.

आपल्या हातातल्या मोबाईलचं मात्र शिकून घ्या. शेळी मारली तर 48 तासांच्या आत वनखात्याला कळवायचं, पंचनामा होईस्तोवर मढं हलवायचं नाही. त्याआधी फोटो काढा: मानेवरचे दात, फरफटत नेल्याची खूण, पंजा. पंजाचा फोटो सरळ वरून घ्यायचा, बाजूला काडेपेटी ठेवायची म्हणजे माप कळतं. फ्लॅश बंद. सकाळच्या तिरप्या उन्हात ठसा उठून दिसतो, दुपारी सपाट होतो. लोकेशन चालू ठेवा, पण तो फोटो ग्रुपवर टाकू नका, पंचनाम्यालाच द्या. झूम करू नका, जवळ जा. वाघरू समोर असेल तर मात्र फोटोचं नाव काढू नका. रात्री मोबाईल उजेड गोळा करायला वेळ घेतो, चालतं जनावर नुसता धूर दिसतं. त्या धुरासाठी जीव घालवायचा नाही.

वनहक्काच्या नियमांत 2012 ला दुरुस्ती झाली, की उपग्रहाचा फोटो इतर पुराव्यांना जोड म्हणून चालेल, त्यांची जागा घेणार नाही. म्हाताऱ्यांचा जबाबही पुरावाच आहे. बिबट्याच्या बाबतीतही हेच धरा. फोटो नाही म्हणून शेळीचं प्रकरण फेटाळता येऊ नये.

तुम्ही आंबेगाव-जुन्नरकडचे पेसात आहात, आम्ही नाही. तुमच्या ग्रामसभेचा ठराव आधी होऊ द्या, आम्ही तोच आमच्या ग्रामपंचायतीत लावून धरू. मागणी एवढीच: कॅमेरा लावण्याआधी ग्रामसभेत सांगायचं, त्यातही बायांना विचारून जागा ठरवायची, कोण लावतो त्याचं नाव पेटीवर पाहिजे, माणसाचा फोटो निघाला तर तिथंच पुसायचा, आणि कार्ड काढताना गावचा एक माणूस हजर पाहिजे.

आमच्या बांधावरचा कॅमेरा अजून तिथंच आहे. बाया अजून उसाच्या कडेनं जातात.